शिक्के वाचणारे अप्पा

टेम्पोतून सामान उतरायला लागलं तेव्हा अप्पा जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभे राहिले आणि कुणालाच वर जाऊ देईनात. माझ्या यजमानांची नांदेडहून लातूरला बदली झाली होती. अप्पांच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता, अनामतही देऊन झाली होती. तरी ते वाट अडवून उभे. गळ्यात काळ्या दोऱ्यात बांधलेलं एक घडीचं भिंग होतं. ते उघडून त्यांनी आधी आमचा कुकर उलटा करून पाहिला, मग मिक्सर, मग इस्त्री. शिक्का वाचून झाला की ती वस्तू वर जायची. सगळ्यात शेवटी गॅसची नळी हातात धरून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"सूनबाई, हिची मुदत सरली हाय. नवी आणा, मग चूल मांडा."

त्या दिवशीचा स्वयंपाक काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, खालून पाठवला. यजमान रात्रभर कुरकुरत होते की हे घर नसून चेकनाका आहे. मला मात्र माणूस पटला. नळीवर तारीख छापलेली असते हे मला माहीत नव्हतं आणि माहीत नसलेली गोष्ट कुणी आकड्यासकट दाखवली की मला त्याचा राग येत नाही.

अप्पा वजनमापे निरीक्षक होते. बाजारातले तराजू आणि वजनं तपासायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर जप्त करायची, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर खात्यानं शिक्का परत घेतला, पण डोळे काही परत घेतले नाहीत, असं काकू म्हणायच्या. मग ते जे दिसेल त्याच्यावरचा शिक्का वाचत सुटले. पंखा, हेल्मेट, पाण्याची बाटली, किराणा दुकानातला काटा. कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले तर पाण्याच्या आधी ते तांब्याचा तळ बघत. "शिक्का कुठंय?" हा त्यांचा कुशल विचारण्याचा प्रकार होता.

त्यांच्या गळ्यात दोन गोष्टी असत. एक भिंग, आणि दुसरी इष्टलिंगाची चांदीची डबी. लिंगायत घरातला माणूस, सकाळी आंघोळ करून डबीतलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घालत नसत. ती पूजा झाली की लगेच भिंगाची काच धोतराच्या सोग्यानं पुसायला घ्यायचे. काकू म्हणायच्या, "एका दोऱ्याला देव आन् एका दोऱ्याला संशय. मधी मी."

एकदा शेजारच्या अडत दुकानदारानं त्यांची चांगलीच फिरकी घेतली. म्हणाला, अप्पा, अख्ख्या लातूरची चांदी तपासता, तुमच्या गळ्यातल्या डबीवर शिक्का हाय का? आम्ही चारपाच माणसं तिथं होतो, सगळ्यांनी कान टवकारले. अप्पांनी डबीवर हात ठेवला. "हिच्यावर न्हाई," ते म्हणाले, "वडलांनी बांधलेली हाय. हिला कोण विकायला चाललंय?" आणि उठून घरात गेले. त्या उत्तरानं कुणाचंच समाधान झालं नाही. माझंही नाही. मी मनात म्हटलं, नियम तो नियम, स्वतःच्या डबीला वेगळा का? पुढं खूप दिवसांनी मला ते उत्तर जरा समजलं.

सोन्याचा नाद त्यांना उशिरा लागला. वजनाचा माणूस तो. सोन्यात वजन बरोबर असूनही ग्राहक फसू शकतो, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली असावी. तोळा बरोबर भरला, पण त्या तोळ्यात सोनं किती आणि तांबं किती, हे तराजू सांगत नाही. ते फक्त शिक्का सांगतो. हे कळल्यावर त्यांचं सराफ लाईनीत जाणं वाढलं. तिथले दुकानदार हुशार. अप्पा लांबून दिसले की भिंग बाहेर यायच्या आत चहा सांगायचे. अप्पा चहा प्यायचे आणि तरी भिंग काढायचे.

माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. अप्पा तिला अक्का म्हणत, लहान मुलीला तसं म्हणायची त्यांच्या उदगीरकडची रीत आहे. संध्याकाळी जिन्यात बसून ते तिला शिक्के वाचायला शिकवत. काकूंचं कानातलं, माझी अंगठी, जे हाती लागेल ते. मी वरच्या पायरीवर मेथी निवडत ऐकायची. नऊशे सोळा म्हणजे हजार भागांत नऊशे सोळा भाग सोनं, बाकीचं तांबं आणि चांदी. तेच बावीस कॅरेट. साडेसातशे असेल तर अठरा कॅरेट. मुलगी विचारायची, मग चोवीसचंच का करत नाहीत? अप्पा सांगायचे, निव्वळ सोनं मऊ असतं, दागिना टिकत नाही, थोडं दुसरं पाहिजेच. पण नुसता नऊशे सोळाचा आकडा बघून भुलायचं नाही. आकडा ठोकायचा पंच कुणाकडंही असतो. त्याच्या शेजारी सरकारचा त्रिकोण पाहिजे.

आणि पुढं जेव्हा प्रत्येक दागिन्याला अक्षरं आणि अंक मिळून सहा खुणांचा स्वतःचा कोड द्यायला सुरुवात झाली, तेव्हा तर अप्पांच्या घरी सण झाला. तोपर्यंत मोबाईलला त्यांचा ठाम नकार होता. मुलानं पाठवलेला फोन डब्यातच पडून होता. पण तो कोड मोबाईलवर सरकारी ॲपमध्ये घातला की दागिना कोणता, किती शुद्ध, कुठं तपासला, हे सगळं समोर येतं असं कळल्यावर त्यांनी त्याच दिवशी डबा फोडला. फोन कसा उचलायचा हे त्यांना पुष्कळ दिवस येत नव्हतं, कोड तपासायला मात्र येत होतं.

उदगीरच्या लग्नाची गोष्ट त्याच्या आधीची. मी स्वतः तिथं नव्हते, पण काकूंनी ती मला इतक्या वेळा सांगितली की मला तिथं जेवून आल्यासारखं वाटतं. अप्पांच्या मावसभावाच्या घरचं लग्न. नवरी पाया पडायला वाकली आणि तिच्या हातातल्या पाटल्या अप्पांच्या डोळ्यांसमोर आल्या. त्यांनी आशीर्वाद द्यायच्या आधी भिंग काढलं. पाटलीवर आत केडीएम अशी अक्षरं होती. आता, त्या अक्षरांचा शुद्धतेशी संबंध नाही. पूर्वी सांधे जोडायला एक विशिष्ट धातू वापरत, त्याची ती खूण. लोक मात्र तोच शुद्धतेचा शिक्का समजतात. अप्पांनी ही माहिती भर मांडवात, बाजारात सांगायची त्यांना सवय होती त्या आवाजात, सांगितली. नवरीकडच्यांना वाटलं नवरदेवाकडच्यांनी मुद्दाम माणूस आणून बसवला. नवरदेवाकडच्यांना वाटलं आपल्याला फसवलं. मुलीचा बाप भरल्या ताटावरून उठला. लग्न लावणाऱ्या जंगमस्वामींनी मध्ये पडून दोन्ही बाजू शांत केल्या. पाटल्या नंतर कुणीतरी तपासून घेतल्या, त्या ठीक निघाल्या. पण अप्पांना त्या दिवशी शेवटच्या पंगतीत आचाऱ्यांबरोबर बसवलं.

तेव्हापासून नात्यातल्या लग्नपत्रिकांवर सहकुटुंब लिहिलेलं असायचं, आणि मागून फोन यायचा की काकूंना जरूर पाठवा. अप्पा हसण्यावारी न्यायचे. पण एक लग्न झालं की दोनतीन दिवस ते सराफ लाईनीकडं फिरकत नसत, हे मी बघितलं आहे. काकूंनी त्यांच्याकडून वचन घेतलं होतं, मांडवात भिंग सदऱ्याच्या आत.

पुढं आम्ही परत नांदेडला आलो. मुलगी शिकली, नोकरीला लागली, आणि अहमदपूरजवळच्या एका शेतकरी घरातून तिला स्थळ आलं. मुलगा नांदेडलाच नोकरीला, घरची जमीन, माणसं साधी. मुलाची आई मला पहिल्या भेटीतच आवडली. स्वयंपाकघरात येऊन माझ्याबरोबर उभी राहिली आणि विचारलं, भाताला किती पाणी घालता. आमचं गणित जुळलं.

बैठकीत मात्र आमचे थोरले दीर बोलले. आम्ही अर्धापूरकडचे, तिथं घरातला मोठा माणूस काहीतरी ठणकावून बोलल्याशिवाय बैठक झाली असं मानत नाहीत. मानपानाचं बोलून झालं होतं, सोन्याचा विषय निघाला, आणि दीर म्हणाले, "जे घालाल ते घाला, पण हॉलमार्कचं पाहिजे." हा शब्द त्यांनी माझ्या मुलीच्या तोंडून ऐकलेला. त्याचा अर्थ विचारला असता तर त्यांना सांगता आला नसता. व्याह्यांनी मान डोलावली, पेढे वाटले गेले.

साखरपुडा नांदेडच्या एका मंगल कार्यालयात झाला. अप्पा आणि काकू लातूरहून बसनं आले. यजमानांनी मला दोनदा बजावलं होतं की अप्पांना दागिन्यांपासून लांब बसव. मी त्यांना कूलरसमोर बसवलं. भिंग सदऱ्याच्या आत होतं, गुंडी लावलेली होती. विहीणबाईंनी माझ्या मुलीच्या गळ्यात मोहनमाळ घातली. सोन्याच्या मण्यांची, जुन्या घडणीची, वजनदार. बायकांमध्ये कुजबुज झाली की हल्ली असं कोण करतं.

जेवणं झाल्यावर मुलगी साडी बदलायला आतल्या खोलीत आली. मी, काकू आणि अप्पा तिथंच होतो. तिनं माळ काढून अप्पांसमोर धरली.

"अप्पा, भिंग काढा की. हा मांडव न्हाई, खोली हाय."

अप्पांनी काकूंकडं पाहिलं. काकू म्हणाल्या, बघा, पोरगीच म्हणतीय तर. माळेची मागची कडी, जिथं ती अडकवतात, तिच्यावर बारीक खुणा होत्या. अप्पांनी वाचलं, त्रिकोण आहे, बावीस कॅरेट नऊशे सोळा आहे, सहा खुणांचा कोड आहे. मग एका बोटानं मोबाईलवर कोड घातला आणि बघत राहिले. मुलीनं विचारलं काय आलं. ते म्हणाले, नेट मिळेना. मोबाईल खिशात घातला आणि पाणी मागितलं.

इतकी वर्षं मी त्या माणसाच्या डोक्यावर राहिले. त्यांनी कुठलाही शिक्का अर्धा वाचून सोडलेला मी पाहिला नव्हता. मुलगी बाहेर गेल्यावर अप्पाही उठले, आणि मी त्यांच्या मागून निघाले. भटारखान्याच्या बाजूला पातेली घासायचा आवाज चालला होता, तिथं ते थांबले.

"सूनबाई, कडी ब्रेसलेटची हाय."

मला काही कळलं नाही.

"शिक्का असली हाय. कोड असली हाय. पण त्या कोडापुढं ब्रेसलेट लिहिलंय. आपल्या हातात माळ हाय."

 खऱ्या दागिन्याचा शिक्का काढून हलक्या मालाला डकवतात, हे मला अप्पांनीच कधीतरी सांगितलं होतं. समोर मांडवात यजमान व्याह्यांच्या खांद्यावर हात टाकून हसत होते. मी म्हटलं, म्हणजे फसवलं आपल्याला.

"असं मी म्हणलो न्हाई. शिक्का कडीवर हाय, तो कडीपुरतं बोलतो. माळेला अजून कुणी विचारलंच न्हाई."

मी म्हटलं, मग आत्ताच जाऊन विचारते. त्यांनी आडवा हात केला. "मांडवात न्हाई. मी एकदा मांडवात विचारून बसलोय."

घरी आल्यावर मी यजमानांना सांगितलं. त्यांचं म्हणणं, गुपचूप माळ घेऊन जाऊ, तपासून आणू, चांगली निघाली तर कुणाला कळणारही नाही. मला ते पटेना. ज्यांच्या घरी मुलगी द्यायची त्यांच्या पाठीमागं त्यांचा दागिना तपासायचा, म्हणजे नातं सुरू व्हायच्या आधीच चोरी. आणि वाईट निघाली तर? तेव्हा सांगणार काय, की आम्ही लपून तपासली? थोरल्या दिरांना कळू द्यायचं नाही यावर मात्र आम्हा दोघांचं एकमत झालं. त्यांना कळलं असतं तर ते तासाभरात जीप भरून अहमदपूरला निघाले असते.

सकाळी मी मुलीला सांगितलं. लग्न तिचं होतं. ती बराच वेळ माळ हातात घेऊन मणी फिरवत बसली.

"आई, त्या बाई खोटं बोलतील असं मला वाटत नाही. पण नुसत्या वाटण्यावर मी त्या घरात जाणार नाही. तू विचार. उत्तर वेडंवाकडं आलं तर इथंच थांबू."

विचारायचं तर कसं, हे विचारायला मी अप्पांना फोन लावला. त्यांनी सांगितलं की बाजारात वजन खोटं निघालं तरी मी दुकानदाराला कधी चोर म्हटलं नाही. फक्त विचारायचो, हे वजन तुमच्याकडं कुठून आलं. माणूस सांगायला लागतो. "प्रश्न कडीबद्दल विचारा," ते म्हणाले, "माणसाबद्दल न्हाई."

मी विहीणबाईंना फोन केला. दोनचार इकडचंतिकडचं बोलले आणि मग म्हटलं, "ताई, राग मानू नका. मोहनमाळेची कडी आधी ब्रेसलेटला होती का?"

 त्या हळूच म्हणाल्या, थांबा, मी बाहेर येते. दार वाजलं, कुठंतरी मोटार चालू असल्याचा आवाज यायला लागला.

"तुम्हाला कुणी सांगितलं हो? आमच्या घरात पण कुणाला ठाऊक न्हाई."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मी मध्ये एकदाही बोलले नाही. माळ त्यांच्या सासूबाईंची. सासूबाईंनी ती स्वतःच्या गळ्यातून काढून यांच्या गळ्यात घातली होती, आणि आता ती यांच्या हातून सुनेच्या गळ्यात जायची, हे त्यांनी मुलगा रांगत होता तेव्हापासून ठरवलेलं. पण जुन्या सोन्याला शिक्का नाही. बैठकीत हॉलमार्कचा शब्द निघाला आणि घरी आल्यावर व्याही म्हणाले, माळ मोडून नवा हार करू, बोलून बसलोय. विहीणबाईंच्या जिवाला ते सोसेना. मुलानं पहिल्या पगारात आईला एक ब्रेसलेट केलं होतं, त्याच्या कडीवर शिक्का होता. यांनी ओळखीच्या सोनाराकडं जाऊन ती कडी काढून माळेला बसवून घेतली. सोनाराला सांगितलं की माळेची कडी झिजलीय. व्याह्यांना सांगितलं की माळेला शिक्का मारून आणला. त्यांनाही ते खरं वाटलं.

"सोनं खोटं न्हाई ओ, ताई," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, शिक्का लागला की तुमच्या माणसांचं समाधान होईल आन् माळ पण वाचंल. पण पोरीच्या गळ्यात घातली तवापासून माझ्या डोळ्याला डोळा न्हाई. कुणीतरी वाचणार, असंच वाटत होतं."

मी पलंगावर बसले. छातीवरचं निम्मं ओझं तिथंच उतरलं. पण मी हिशोबी बाई. गोष्ट खरी वाटली तरी माळ मोजलेली नव्हती. ते मी कसं म्हणावं या विचारात होते, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तुम्ही टंच काढून बघा. मी पण येते. माझ्यासमोर काढा."

टंच म्हणजे सोन्याची शुद्धता; आमच्याकडं म्हातारी माणसंही तोच शब्द वापरतात. ठरलेल्या दिवशी त्या साड्या बघायला जाते सांगून एकट्याच नांदेडला आल्या. अप्पा सकाळच्या गाडीनं लातूरहून आले. यायची गरज नव्हती, मी तसं म्हटलंही होतं. सोनं तपासून शिक्का मारणाऱ्या केंद्रात मशिनीत दागिना ठेवला की तो न मोडता, न घासता त्यात काय किती आहे ते पडद्यावर येतं. किरकोळ फी असते. आम्ही तिघी बाकावर बसलो, मी, विहीणबाई आणि मुलगी. मुलीनं त्यांचा हात धरला होता. अप्पा काचेजवळ उभे होते. मशीन चालवणाऱ्या बाईंनी माळेतले वेगवेगळे मणी तपासले आणि आकडा सांगितला. शंभरात अठ्ठ्याऐंशी.

विहीणबाईंचा चेहरा उतरला. मला म्हणाल्या, "म्हणजे कमी हाय. सासूबाई तर अस्सल म्हणायच्या."

अप्पा वळले. मला क्षणभर उदगीर आठवलं आणि मी त्यांच्या सदऱ्याला हात घालायच्या बेतात होते. पण ते हळू आवाजात बोलले. इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"बावीसला थोडं कमी हाय, पण सोनं हाय, माय. त्या काळी मणी हातानं घडवायचे. एकेका मण्याला सांधा, सांध्याला दुसरा धातू लागायचाच. तुमच्या सासूला कुणी फसवलं न्हाई आन् तुम्ही बी कुणाला न्हाई. आन् घरातलं जुनं सोनं सुनेला द्यायला शिक्का लागतच न्हाई. तो दुकानदारानं विकताना लागतो."

त्या त्यांच्याकडं बघतच राहिल्या. "लागतच न्हाई? मग हे सगळं मी कशापायी केलं?"

"आमच्यासारख्यांपायी," अप्पा म्हणाले.

आधी मुलगी हसली, मग मी, मग त्या मशीनवाल्या बाईसुद्धा. विहीणबाई हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या. घरी जाऊन व्याह्यांना खरं सांगायचं कबूल करून झालं, आणि मुलगीच म्हणाली की आकड्याचं पण सांगा, मला अठ्ठ्याऐंशी चालतं, माळ मोडायची नाही. आम्ही तिथूनच सराफ्यात गेलो. माळेला साधी सोन्याची कडी बसवली. विहीणबाईंनी रुमालात बांधून आणलेलं ब्रेसलेट काढलं, त्याला त्याची स्वतःची कडी परत लागली. अप्पांनी भिंग लावून ती वाचली, मोबाईल बघितला आणि मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर आता कुठं एक काम पुरं झाल्याचं समाधान दिसलं.

घरी जेवायला बसलो तर विहीणबाईंनी मागून भात घेतला, वरण घेतलं. जेवण झाल्यावर पाठ जरा टेकते म्हणून समोरच्या खोलीतल्या दिवाणावर कलंडल्या आणि बोलता बोलता त्यांना झोप लागली. साधीसुधी नाही, घोरायला लागल्या. मुलीनं अंगावर चादर घातली. यजमान बाहेरून आले तर अप्पांनी त्यांना दारातच हात करून थांबवलं आणि चपला हातात घेऊन आत पाठवलं. मग खुर्ची उचलून दाराशी नेली आणि तिथंच बसले. शेजारची बाई वाटीभर साखर मागायला आली, तिला खुणेनं परत पाठवलं. भाजीवाला ओरडत गल्लीत शिरला तर स्वतः उठून फाटकापर्यंत गेले आणि त्याला पुढं काढून आले. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, अप्पा, तुमची लातूरची गाडी गेली. ते म्हणाले, जाऊ द्या, दुसरी असते.

विहीणबाई उठल्या तेव्हा दिवे लागले होते. दचकून बसल्या, कुणी उठवलं का न्हाई म्हणून सगळ्यांकडं बघितलं. मग त्यांना काहीतरी आठवलं असावं, कारण खांदे सैल पडले. केस नीट करत त्यांनी माझ्या मुलीला हाक मारली.

"चहा ठेव गं जरा. साखर बरी घाल. आन् त्या दारातल्या अप्पांना पण दे."

सासूनं सांगितलेलं पहिलं काम. मुलगी उठून स्वयंपाकघरात गेली, आणि मी दिवाणावर विहीणबाईंच्या शेजारी पाय वर घेऊन बसले.